खुरपे घेताना आधी आपला हात पाहा

आरोग्याच्या पानावर खुरप्याचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. पावसाळ्यात वस्तीत आरोग्य तपासणी ठेवली की बायांच्या दोन तक्रारी हमखास येतात. एक, कंबर धरली. दुसरी, उजव्या हाताच्या बोटांना रात्री मुंग्या येतात, हात झटकल्यावर बरे वाटते. धुणीभांडी, पाणी भरणे ही कारणे असतातच. पण आम्ही विचारत गेलो की कळते, घरामागे किंवा विहाराच्या आवारात मेथी, वांगी, भेंडीचे चार वाफे केलेत आणि गवत काढायला घरात एकच अवजार आहे. कधीकाळचे, मूठ हलणारे, बोथट खुरपे. गोळी आठ दिवस दुखणे थांबवते. खुरपे तेच राहिले तर नवव्या दिवशी दुखणे परत हजर. म्हणून या अंकात गोळीऐवजी अवजाराबद्दल लिहीत आहोत.

या कामाला प्रदेशागणिक नाव वेगळे. विदर्भ-खानदेशात निंदण, मराठवाड्यात आणि नगरकडे खुरपणी, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे भांगलण, कोकणात बेणणी. नाव कोणतेही असो, काम बसून करायचे आणि बाईने करायचे, हे सगळीकडे सारखे. आपल्या आया-आज्यांनी ते दुसऱ्याच्या रानात रोजंदारीवर केले. दिवसात किती सऱ्या, पाठ कधी सरळ करायची, हे मुकादम ठरवायचा. आज वस्तीतल्या चार वाफ्यांवर मुकादम नाही, तरी आपण तशाच वाकतो, कारण अवजार तेच आणि सवयही तीच.

अवजाराच्या दांड्याची लांबी हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे एका देशात कोर्टात जाऊन मांडावे लागले. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात भाजीच्या मोठमोठ्या शेतांवर प्रामुख्याने मेक्सिकन वंशाचे मजूर राबत. त्यांना गवत काढायला आणि रोपे विरळ करायला हातभर दांड्याची कुदळी दिली जाई. दिवसभर कमरेत दुमडून काम. मालक म्हणत, दांडा आखूड असला की हात रोपाजवळ राहतो, पीक दुखावत नाही. मजूर म्हणत, खरे कारण वेगळे आहे. सगळे वाकलेले असले की कोण पाठ सरळ करतोय हे मुकादमाला लांबूनच दिसते. डॉक्टरांनी मणक्यांच्या झिजेबद्दल साक्षी दिल्या. १९७५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी त्या राज्यात या आखूड कुदळीवर बंदी आली. पुढे लांब दांड्याने तेच काम झाले. पीक काही बुडाले नाही. कामाचे तास आणि खाणीतल्या बायांचे बाळंतपण हे सरकारने सोडवायचे प्रश्न आहेत, हे बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना कायद्यात आणले. आपल्या घरचे खुरपे सरकार बघायला येणार नाही. ते आपणच बघायचे.

आधी गवत ओळखावे

बाजारात जाण्याआधी आपल्या वाफ्यात काय उगवते ते बघावे. सगळ्या गवताला एकच अवजार चालत नाही.

बियांपासून नुकतेच उगवलेले, दोन-चार पानांचे गवत असेल तर ते उपटावेही लागत नाही. धारदार पाते जमिनीच्या वरच्या अर्ध्या-एक इंचातून सरकवले की मूळ तुटते, आणि ऊन असेल तर दुपारपर्यंत गवत सुकून जाते. इथे जोर लागत नाही, धार लागते. खोल खणू नये. खोल खणले की खाली दडलेले बी वर येते आणि आठवड्यात नवी फौज उभी राहते. शिवाय मिरची-वांग्याची वरवरची मुळे तुटतात ती वेगळीच. म्हणून गवत लहान असताना दर आठ-दहा दिवसांनी पंधरा मिनिटे देणे आणि गुडघाभर वाढल्यावर रविवार घालवणे, यात शरीराच्या दृष्टीने फार फरक आहे. भाजी लावल्यापासूनचा पहिला महिना-सव्वा महिना जपला की पुढे भाजीची सावलीच गवताला दाबते.

लव्हाळा, हरळी आणि कुंदा यांची गोष्ट निराळी. लव्हाळ्याच्या मुळाशी गाठी असतात, हरळीच्या आणि कुंद्याच्या जमिनीखाली कांड्या धावतात. खुरप्याने वरून कापले की चार दिवसांत पुन्हा हिरवे. हरळीचे तर तुकडे केले की प्रत्येक तुकड्याचे नवे झाड होते. इथे पात्याचे काम नाही, दातांचे आहे. तीन दातांचे हातातले छोटे दाताळे मातीत खोवून हलवायचे, माती सैल झाली की गाठीसकट, कांडीसकट ओढून काढायचे आणि बांधावर न टाकता उन्हात वाळवायचे. हे काम पाऊस पडून गेल्यावर, माती वाफशावर असताना करावे. पाते फिरवायला वरची माती कोरडी हवी, मुळे उपटायला ओलसर. एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा जोर वाचतो.

घोळ आणि तांदुळजा वाफ्यात उगवले तर ते फेकायचे की शिजवायचे, हे जागा बघून ठरवावे. दोन्ही चांगल्या पालेभाज्या आहेत. पण वाफ्याला गटाराचे पाणी लागत असेल तर फेकूनच द्यावे. घोळीचे देठ मांसल असतात, कापून तिथेच टाकली तर ओल्या मातीत पुन्हा मुळे धरते.

गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, याला हाताने धरू नये. त्याने अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात, आणि दम्याच्या माणसाला त्याच्या परागाने धाप लागते. फुले येण्याआधी, माती ओली असताना, हातमोजे किंवा हातावर जाड प्लॅस्टिकची पिशवी चढवून मुळासकट उपटावे. बाही पूर्ण असावी. ज्यांना दमा आहे किंवा एकदा चट्टे उठले आहेत, त्यांनी हे काम घरातल्या दुसऱ्यावर सोपवावे.

मूठ, मान आणि पाते

आता खुरपे. आमचा पहिला आग्रह असा, की जी वापरणार तिनेच ते आणायला जावे. घरातला पुरुष बाजारातून आपल्या हाताला बसेल असे अवजार घेऊन येतो आणि ते आयुष्यभर बायको नाहीतर आई वापरते. चप्पल घेताना आपण दुसऱ्याचा पाय पाठवत नाही.

दुकानात किंवा लोहाराच्या भट्टीवर खुरपे हातात घ्यावे आणि मूठ आवळावी. अंगठ्याचे टोक पहिल्या बोटाच्या टोकावर जेमतेम यावे. बोटे एकमेकांवर फार चढत असतील तर मूठ बारीक आहे, आणि बारीक मुठीला सारखे आवळून धरावे लागते. टोके एकमेकांना पोचतच नसतील तर मूठ जाड आहे. साधारण सव्वा ते दीड इंच जाडीची मूठ बहुतेक बायांच्या हाताला बसते. लांबीला ती तळहाताच्या रुंदीपेक्षा बोटभर जास्त हवी. मुठीचे टोक तळहाताच्या मध्यावर येऊन रुतत असेल तर घट्टे तिथेच पडतात. घरातले जुने खुरपे बारीक मुठीचे असेल तर टाकून देऊ नये. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून घट्ट गुंडाळावी. जाडी येते आणि घामाने हातही सटकत नाही. लोखंडाचीच मूठ असलेली स्वस्त खुरपी मिळतात, ती उन्हात तापतात आणि ओल्या हातातून निसटतात. लाकडी मूठ बरी, त्यातही बाभळीची टिकाऊ. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी बसवलेली आहे ना, हे बघावे. कडी नसेल तर लाकूड चिरते आणि पाते हलायला लागते. हलणारे पाते एक दिवस हातात घुसते.

मूठ जुळली, आता मान बघावी. मान म्हणजे मूठ आणि पाते यांच्यामधला वाकवलेला भाग. खुरपे जमिनीवर ठेवून पाते आडवे टेकवावे. त्या वेळी बोटे मातीला घासू नयेत आणि मनगट सरळ राहावे. मान पुरेशी वाकलेली नसेल तर पाते टेकवायला मनगट मुरडावे लागते. मुरडलेले मनगट आणि वरून आवळलेली मूठ, असे तास दोन तास चालले की मनगटातून जाणारी नस दबते. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येतात त्या यामुळे. सुरुवातीला हात झटकला की जातात. पुढे सुई धरता येत नाही, वाटी हातातून पडते. मुंग्या रोजच्या झाल्या किंवा पकड कमी झाली तर दवाखान्यात दाखवावे. अंगठ्याखालचा मांसल भाग खपाटीला गेला तर उशीर झाला असे समजावे.

पाते फार रुंद नको. भाजीच्या दोन रोपांमधून फिरेल असे, तीन बोटे रुंदीचे पुरे. जड खुरपे चांगले, हा गैरसमज आहे. बसून ओढायच्या अवजाराला वजनाचा उपयोग नसतो, ते मनगटालाच पेलावे लागते. लोहाराकडून करून घेणार असाल तर गाडीच्या जुन्या कमानपाट्याचे पाते मागावे आणि पाण्याचे बघावे. पाणी बरोबर पाजलेले नसेल तर धार दोन दिवसांत वळते. डावखुऱ्या बहिणींनी तसे लोहाराला आधीच सांगावे. तयार खुरप्याची धार आणि बाक उजव्या हातासाठी असतो, आणि डाव्या हाताने ते चालवताना मनगट उलटे मुरडते.

बसायचे की उभे राहायचे

उकिडवे बसणे आपल्या अंगवळणी पडले आहे, ते वाईटच असे आम्ही म्हणणार नाही. पण दहा मिनिटे बसणे वेगळे आणि तासभर बसून पुढे सरकणे वेगळे. गुडघे दुखत असतील तर वीतभर उंचीचा पाट घ्यावा किंवा घमेले उलटे घालून त्यावर पोते टाकून बसावे. दर वीस मिनिटांनी उठून चार पावले चालावे.

काही जणींनी मात्र हे काम बसून करूच नये. पोट पुढे आलेल्या गरोदर बाईने. गुडघ्याची वाटी झिजलेल्या म्हातारीने. आणि जिला अंग बाहेर येण्याचा त्रास आहे तिने. हा त्रास बाया आपणहून सांगत नाहीत. आम्ही बाजूला घेऊन विचारले की मान खाली घालून हो म्हणतात. कुणाला दहा वर्षांपासून, कुणाला दुसऱ्या बाळंतपणापासून. तास तास उकिडवे बसून जोर लावल्याने तो वाढतो. त्यावर उपचार आहेत, सरकारी दवाखान्यातही होतात. आणि तोवर उभ्याने चालणारे अवजार आहे.

सफाईच्या कामावर असलेल्या आपल्या बांधवांना आणि भगिनींना हे वेगळे सांगायला नको. आखूड झाडू आणि दांड्याचा झाडू यांतला फरक त्यांची कंबर जाणते. तसेच लांब दांड्याला आडवे पाते बसवलेले अवजार मिळते, काही ठिकाणी त्याला हँड वीडर म्हणतात. रिकिबीसारखी चौकट असते आणि तिची खालची बाजू धारदार. अंगण झाडतो तसे ते पुढे-मागे सरकवायचे. दांडा जमिनीवर उभा टेकवला तर त्याचे टोक आपल्या खांद्याच्या वर आणि हनुवटीच्या खाली यावे. यापेक्षा आखूड असेल तर वाकावे लागणारच. लोखंडी नळीचा दांडा जड होतो, भरीव बांबू हलका. लोहाराला पात्याचा कोन ठरवायला सांगताना आपण स्वतः दांडा धरून सरळ उभे राहावे आणि पाते जमिनीला सपाट लागते का ते दाखवावे. हे अवजार लहान गवतालाच चालते. गवत गुडघाभर झाले की त्याचा उपयोग संपला.

सायकल कोळपे पुष्कळ जण सुचवतात. ते चांगले आहे, पण ओळींमध्ये फूटभर तरी जागा हवी आणि पट्टा लांब हवा. दहा बाय दहाच्या परसात ते वळवण्यातच दम जातो. विहाराची किंवा संस्थेची गुंठाभर जागा असेल तर दहा घरांत मिळून एक घ्यावे.

आणि ज्यांच्याकडे वाफा नाही, डबे, तुटलेल्या बादल्या आणि गोण्या आहेत, त्यांनी काहीच विकत घेऊ नये. जुना स्टीलचा चमचा आणि भाकरीचे उलथणे पुरते. उलथण्याची कड कानशीने घासून घेतली की ते छोट्या खुरप्याचेच काम करते. ते पुन्हा स्वयंपाकघरात मात्र नेऊ नये.

वस्तीची माती

वस्तीतली माती शेतातल्या मातीसारखी नसते. तिच्यात काचा असतात, ब्लेड असते, कधी इंजेक्शनची सुई असते. नव्या जागेत वाफा करताना पहिला हात मातीत घालू नये. आधी लांब दांड्याचे दाताळे दोन्ही दिशांनी ओढून घ्यावे, वर येईल ते चिमट्याने पत्र्याच्या डब्यात टाकावे. दाट गवतात तर हात घालूच नये, विंचू-सापाची जागा ती. आधी काठीने हलवावे, मग विळ्याने वरचे कापावे, मग खुरपे. साप चावलाच तर दोरी आवळणे, चिरा देणे, मांत्रिक, यात वेळ घालवू नये. माणसाला न चालवता, चावलेला हात किंवा पाय न हलवता, १०८ ला फोन करून थेट लस असलेल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यावे.

पायात बंद बूट किंवा निदान जाड तळाची चप्पल हवी. मधुमेह असलेल्यांच्या पायाला बोचलेले कळत नाही, त्यांनी काम झाल्यावर तळपाय डोळ्यांनी तपासावेत, स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला बघायला सांगावे. पावसात गटार तुंबून वाफ्यात पाणी आले असेल तर ते ओसरेपर्यंत काम थांबवावे. उंदराच्या मुतातून त्या पाण्यात लेप्टोचे जंतू येतात आणि हाता-पायावरच्या बारीक जखमेतून शिरतात. तशा पाण्यात उतरल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगावे.

खुरपे लागलेच तर? गंजलेले लोखंड लागले की धनुर्वात होतो, असे सगळे म्हणतात. दोष गंजाचा नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, चकचकीत खुरप्यालाही माती लागलेलीच असते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली पाच मिनिटे धुवावी. हळद, तंबाखू, चुना, राख काही भरू नये. स्वच्छ कापड दाबून धरावे. मातीने भरलेली जखम असेल आणि धनुर्वाताची शेवटची सुई घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर सुई घ्यावी. बायांना विचारले तर शेवटची सुई धाकट्याच्या वेळी घेतलेली असते आणि तो धाकटा आता कॉलेजात असतो. पुरुषांना बहुधा आठवतच नाही. सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. लहानपणीचे डोस झालेच नसतील तर एकाच सुईवर थांबू नये, पुढच्या तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.

एवढी यातायात कशाला, तणनाशक मारून टाकावे, असे म्हणणारे भेटतात. चार वाफ्यांच्या भाजीत ते मारूच नये. वाऱ्याने उडालेला तुषार भेंडीवर बसला की भेंडीही जळते. त्याहून मोठे भय घरात आहे. उरलेले औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून मोरीत ठेवले जाते, आणि दहा बाय बाराच्या खोलीत मुलाच्या हाताला न लागेल अशी जागाच नसते. पॅराक्वाट नावाचे तणनाशक पोटात गेले तर त्याला उतारा नाही. वॉर्डात काम करताना असे रोगी आम्ही पाहिले आहेत. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, आणि दिवसादिवसाने त्याचा श्वास कमी होत जातो. दुकानदाराने कितीही स्वस्त दिले तरी ती बाटली घरात आणू नये.

धार आणि देखभाल

चांगले खुरपे बोथट झाले की वाईट खुरप्याइतकेच त्रास देते. दुप्पट जोर लावावा लागतो, आणि तो जोर मनगट आणि कंबर देते. दर दोन-तीन वेळा वापरल्यावर कानशीने धार काढावी. खुरपे दगडावर दाबून धरावे, कानस आपल्यापासून पुढे ढकलत न्यावी, ओढू नये. मुळात धार ज्या बाजूला आहे त्याच बाजूला घासावे. सात-आठ हात फिरवले की पुरे. मग माती पुसून गोडे तेल लावलेली चिंधी फिरवावी आणि खुरपे मुलांच्या उंचीच्या वर, धार भिंतीकडे करून खिळ्याला अडकवावे. पाते झिजून निम्मे झाले की लोहाराकडून नवे बसवून घ्यावे, मूठ जुळलेली असेल तर मूठ तीच ठेवावी.

वर्षावासाचे तीन महिने म्हणजे गवताचे तीन महिने. विहाराच्या आवारातले गवत काढणे हे उपासक-उपासिकांचेच काम, कारण जमीन खणणे आणि झाडझुडूप तोडणे भिक्खूंना विनयाने वर्ज्य आहे. पौर्णिमेला सगळे जमतात तेव्हाच प्रत्येकीने घरचे खुरपे घेऊन यावे, मूठ आणि मान तपासावी. लोहार परवडत नाही असे एकटीने म्हणण्यापेक्षा पंधरा-वीस खुरपी एकदम नेली तर तो भावही कमी करतो आणि कामही नीट करतो. विहाराच्या कपाटात एक लांब दांड्याचे हँड वीडर, एक दाताळे, दोन जोड जाड हातमोजे आणि एक कानस एवढे सामाईक ठेवावे. नेणाऱ्याचे नाव वहीत लिहावे, परत आणताना धार काढूनच आणायची असे ठरवून घ्यावे. गरोदर बायांना आणि गुडघे दुखणाऱ्यांना उभ्याचे अवजार आधी द्यावे, बाकीच्यांनी पाट घेऊन बसावे. आणि घरात धडधाकट मुलगा असेल तर खुरपे त्याच्याही मुठीत बसते का, ते त्याच दिवशी पाहून घ्यावे.